निळ्या तारेची पाठ

उकंड्याच्या आधी नेमसिंगाची तीन लेकरं गेली. चौथं झालं तसं दाईनं ते उचललं, तांड्यामागच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं आणि माघारी आणून त्याच्याच आईला पसाभर ज्वारीवर विकलं. उकिरड्यावरची वस्तू मरणाच्या नजरेत भरत नाही, असा त्यातला विचार. लेकरू जगलं. नाव पडलं उकंडा. आणि उकिरड्याचा एक गुण त्याला जन्माचा लागला: वरून कितीही तुडवा, आतली धग काही जात नाही.

आर्णीपासून दोन कोसांवर त्यांचा लमाणांचा तांडा. तिथं विजेचा खांब सोडा, धड काचेचा कंदील नाईकाच्याच घरी. त्या तांड्यातून उकंडा आधी आर्णीला, मग यवतमाळला शिकत शिकत साठ साली नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोचला, आणि तिथं त्यानं शाखा मागितली ती विजेची. पहिल्याच हजेरीत 'उकंडा नेमसिंग राठोड' म्हटल्याबरोबर मागची दोन बाकं खिदळली. ऑफिसातल्या कारकुनाला कीव आली. तो म्हणाला, "अर्जात बदलून घे बाबा. उदयसिंग लिहू का? पुढं नोकरीत बरं पडेल."

"उकिरड्यानं देल्लं नाव हाये साहेब," उकंडा म्हणाला. "देवीच्या साथीनं नाई पुसलं, तं तुमच्या टाकानं काय पुसते?"

नाव तेच राहिलं. खिदळणारी बाकं वर्षभरात थकली, कारण रेडिओचं पोट उघडून कोणता व्हॉल्व्ह मेला हे हुडकायचं झालं की सगळे त्याच्याच टेबलाशी यायचे. तिथं नावानं काम भागत नव्हतं.

तिसरं वर्ष संपलं की उन्हाळ्यात सहा आठवडे एखाद्या कारखान्यात नाहीतर पावरहौसात राहून काम शिकायचं आणि तिथल्या इंजिनिअरची सही फॉर्मवर आणायची, असा कॉलेजचा कायदा होता. सही नाही, तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसणं नाही. फॉर्मच्या तळाशी एक बारीक रकाना होता, 'सही देत नसल्यास कारण' असा. त्याच्याकडे कोणी पाहत नसे. उकंड्यानं पाहिला होता. तांड्यातल्या माणसाला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय असते; वरच्या ओळींनी कधी कोणाला फसवलं नाही.

त्रेसष्टच्या मे महिन्यात तो वणीला आला. तिथं चिंतामणी इलेक्ट्रिक कंपनीचं पावरहौस होतं. दोन डिझेल इंजिनं धडधड करायची आणि त्यांच्यावर सारं गाव उजळायचं. कंपनीचे इंजिनिअर वामनराव मूळचे नागपूरचे; पांढऱ्या पॅन्टला तेलाचा डाग न लागू देता त्यांनी तिथं सात वर्षं काढली होती.

"राठोड म्हणजे राजपूत का?" त्यांनी विचारलं.

"नाई साहेब. लमाण. तांड्यातला."

साहेबांनी फॉर्म हातातून टेबलावर ठेवला, तोही जरा लांब. "इंजिनाला हात लावायचा नाही. त्या स्टुलावर बसायचं, तासातासाला तीन सुया बघायच्या आणि आकडे वहीत लिहायचे. एवढं जमेल?"

"सुईचं काम तं माही याडी बी करते," उकंडा म्हणाला. याडी म्हणजे आई. "जमन साहेब."

भिंतीवर काळ्या फळ्यात तीन काटे होते. त्यांना तिथं सगळे सुयाच म्हणत. गावात तीन तारांवरून वीज जायची, लाल, पिवळी आणि निळी. तारांना रंग नसतो, ही नुसती नावं. पण फळ्यावर सुयांच्या खाली त्या त्या रंगाचा ठिपका होता. कोणत्या तारेवर किती भार पडला ते तिची सुई सांगायची.

फळ्याचा कारभारी होता बळीराम. जवळच्याच खेड्यातला कुणबी, फळाही तोच पाहायचा आणि खांबावरही तोच चढायचा. सकाळी सात वाजता तो आला, तंबाखू मळली, वही उघडली आणि रात्रीपर्यंतचे सगळे रकाने एका दमात भरून टाकले. चाळीस, चाळीस, चाळीस. खाली पुन्हा चाळीस, चाळीस, चाळीस.

"बळीरामभाऊ, सुया तं पाह्यल्याच नाई तुमी."

"पाह्यल्या ना," बळीराम म्हणाला. "छप्पन साली पाह्यल्या होत्या."

दुसऱ्या दिवसापासून वही उकंड्याकडे आली. संध्याकाळी सातला त्यानं वर पाहिलं. लाल अडतीस, पिवळी एकेचाळीस, निळी पंच्याऐंशी. त्यानं काचेवर टिचकी मारली. सुई जागची हलली नाही. त्यानं लिहिलं, पंच्याऐंशी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाजारपेठ, टॉकीज, साहेबांचा बंगला, ज्यानं ज्यानं वीज मागितली त्याला खांबावरची हाताला लागेल ती तार जोडून दिली होती, आणि हाताला आधी लागायची ती निळी. दर आठवड्याला तिचा फ्यूज उडायचा. म्हणून बळीरामनं तिला फ्यूजची तार दुहेरी पिळून लावली होती, की उडायचं नावच नको.

चौथ्या दिवशी साहेबांनी वही पाहिली.

"हे पंच्याऐंशी काय आहे?"

"निळी तार साहेब."

"रंग कळतात मला. आकडा कोणी लिहिला?"

"सुईनं. म्या फक्त उतरवला."

वही दर तिमाहीच्या शेवटी नागपूरला मालकाकडे जायची आणि तिथून सरकारी तपासनिसाकडे. सात वर्षं तिच्यात चाळीसच गेले होते. पानांवर नंबर आणि शिक्का, म्हणून पान फाडता येत नव्हतं. आकडा चुकला तर ज्याचं अक्षर त्यानंच खोडायचा आणि बाजूला सही करायची, असा कंपनीचा नियम होता.

"खोड," साहेब म्हणाले. "चाळीस लिही आणि बाजूला सही कर."

"नाई खोडत."

"तुला फॉर्मवर सही पाहिजे ना?"

"पाह्यजे. त्याच्याचसाठी आलो."

"मग?"

"मंग सुई चाळीसवर आना साहेब. म्या हासत हासत चाळीस लिहितो."

बळीरामला तंबाखूचा ठसका लागला. साहेबांचे कान तापले. "बैलांच्या पाठीवर गोण्या लादणारी जात तुमची. तीन तारांवर भार कसा वाटतात ते मला शिकवणार?"

"गोण्याच लादल्या साहेब. पन भार सारखाच लादला."

"अस्सं! मग तूच कर. आठ दिवस देतो. तिन्ही सुया बरोबर करून दाखव, सही देतो. नाही झाल्या तर पहिल्या पानापासून चाळीस लिहायचं, तुझ्याच अक्षरात."

"लागली," उकंडा म्हणाला.

बोलून बसला खरा, पण रात्री खाटेवर त्याला कळलं की आपण काय पणाला लावलं. एक वर्ष. आणि वर्ष गेलं की तांड्यातून पुन्हा कोणी नागपूरला जायचं नाव काढलं, तर लोक म्हणणार, तो उकंड्या गेलता ना, काय झालं त्याचं?

बळीरामनं कपाटातून चिमटा-मीटर काढून दिला. तारेला चिमट्यात धरलं की भार सांगतो तो. विकत आणला तेव्हाचा तेलकट कागद अजून त्याच्या अंगावर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडा बाजारातल्या खांबांवर चढला. एक वाजताचं वणीचं ऊन, खांबाचं लोखंड तव्यासारखं. त्यानं निळीवरचा एकेक जोड चिमट्यात धरून आकडे मांडले. निळी जड, लाल हलकी. टॉकीजच्या खांबावरचे सगळे जोड मिळून लालवर नेले की काटा बरोबर बसतो, असं कागदावर सुरेख निघालं. तिसऱ्या दुपारी साहेबांनी तासभर वीज बंद ठेवू दिली. बळीराम आणि तो, दोघांनी जोड बदलले. एक वाजता तिन्ही सुया एका रेषेत उभ्या. बळीराम म्हणाला, "अबे इंजेर, तू तं जादूगर निंगाला!"

सव्वासातला अर्धं गाव काळं झालं.

दुपारी टॉकीजमध्ये तिकिटाच्या खिडकीतला एक पंखा तेवढा फिरत होता, आणि उकंड्यानं टॉकीज म्हणजे एक पंखा धरलं होतं. संध्याकाळी तिथं पडद्यावर चित्र फेकणारं यंत्र, भोंगा, दारावरची दिव्यांची माळ आणि आजूबाजूची सगळी दुकानं एकदम पेटली. पन्नासाचा भार निळीवरून उठून लालवर जाऊन बसला. लालचा फ्यूज बिचारा इमानदार होता, एकेरी तारेचा. तो उडाला. टॉकीजमधून शिट्ट्या, शिव्या आणि एका बाईचा आवाज ऐकू आला, "मेल्यानं रडायच्या टायमालेच बंद केलं!"

तासाभरानं बळीरामनं जोड जुन्या जागी नेले आणि दिवे आले. उकंडा स्टुलावर बसला आणि वहीत त्यानं लिहिलं: 'सव्वासात. लाल अठ्ठ्याऐंशी, फ्यूज उडाला. कारण, दुपारचा भार पाहून जोड बदलले. चूक माझी. उ. ने. राठोड.'

सकाळी साहेबांनी ते वाचलं आणि आश्चर्य म्हणजे ते चिडले नाहीत. खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात म्हणाले, "हे बघ राठोड, माणसाच्या हातून चुका होतात. मालकाला कळलं तर तुझंही वाईट आणि माझंही. तू हे कालचं खोड आणि आधीचे ते पंच्याऐंशीही खोड. सगळीकडे चाळीस. मी आत्ता सही करतो. उद्याच्या गाडीनं घरी जा. बाकीचे आठवडे मी भरून देईन."

फॉर्म समोर होता. साहेबांनी पेनचं टोपण काढलं होतं. उकंड्याच्या मनात आलं, हो म्हणावं. का येऊ नये? त्यानं हात मांडीखाली दाबून धरले.

"साहेब," तो म्हणाला, "माही चूक खोडली तं तुमचे पंच्याऐंशी बी खोडा लागते. दोन्ही एकाच दावणीले बांधले तुमी. नाई खोडत."

"मग बस बोंबलत."

"आठ दिवस देल्ले होते तुमी. तीनच झाले."

त्याच दुपारी त्याचा बाप नेमसिंग एसटीनं आला. आईनं दिलेल्या भाकरी आणि तिळाची चटणी फडक्यात बांधून. म्हातारा दहा वर्षांचा असताना त्याच्या बापाच्या बैलांबरोबर मिठाच्या गोण्या घेऊन घाट उतरला होता. त्यानंतर ती लदणी संपली, बैल नांगराला लागले, पण म्हाताऱ्याच्या डोक्यातून गोण्या काही उतरल्या नाहीत. बैलाच्या दोन बाजूंना दोन गोण्या, आणि भार बारीकसाही कमीजास्त झाला की मुक्कामाला पोचेस्तोवर पाठ सोलून निघायची. ज्यानं तसा भार लादला, त्यानं जड बाजूची गोण पुढच्या मुक्कामापर्यंत आपल्या खांद्यावर वाहायची, साऱ्या तांड्यासमोर. चूक लपवली तर दोन मुक्काम.

उकंड्यानं बापाला सुया दाखवल्या. "हे तीन बैल समज बा. ह्या निळ्याच्या पाठीवर दोघाचा भार हाये. म्या उचलून लालच्या पाठीवर टाकला, तं थो बसला."

म्हाताऱ्यानं सुयांकडे पाहिलं. "तू भार कवा तोलला?"

"दुपारी. एक वाजता."

"बैल उभा होता का चालत होता?"

उकंड्यानं खिशातून दुपारच्या आकड्यांचा कागद काढला.

"उभ्या बैलावर गोन कशीबी बसते, लेका. चार पावलं चालला का मंग समजते, कोनती बाजू ओढते. तुव्हं हे गाव चालते कवा?"

"सांजच्याले. सात वाजता."

"मंग दुपारी कायले गेलता? ऊन खाले?"

बळीराम हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. म्हाताऱ्यानं भाकरीचं फडकं सोडलं आणि लेकाकडे न पाहताच विचारलं, "अन गोन वाह्यली का?"

"कोनती गोन बा?"

"चूक झाली ना? मंग वाहा. शिकून राह्यला म्हनून तांड्याचा कायदा सुटला काय तुले?"

पावरहौसच्या भिंतीला एक लाकडी शिडी होती. ती दोन माणसं वाहायची, आणि दोघंही कुंथायची. उकंड्यानं संध्याकाळी सहाला ती एकट्यानं खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून चालला. बळीराम मागून धरायला आला, तर त्यालाही दूर सारलं.

"आला रे आला, अंधारवाला!" पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं. "इंजेर, आज कोनाच्या घरी अंधार?"

"तुयाच घरून सुरू करतो," उकंडा शिडीखालून म्हणाला. "मेनबत्ती आनून ठेव."

एक दुकानदार म्हणाला, "बंजाऱ्याच्या पोराले बैलं राह्यले नाई, म्हनून शिडी लादली वाटते कंपनीनं."

"कंपनीनं नाई. म्याच लादली."

चार संध्याकाळी तो असा गेला. खांद्याची कातडी सोलली, तिथं त्यानं बापानं सांगितलेलं एरंडीचं तेल लावलं, बैलाला लावतात तेच. सात ते आठ, गाव चालत असताना, प्रत्येक खांबावर चढून प्रत्येक जोड चिमट्यात धरायचा आणि आकडा लिहायचा. चौथ्या दिवशी पोरं शिडीमागं चालू लागली, पण ओरडायची थांबली होती. रोज तेच ओरडण्यात त्यांनाही मजा राहिली नव्हती.

आठव्या दुपारी साहेबांनी तासभर वीज बंद करायला नाही म्हटलं. बळीरामनं इंजिनाचं तेल बदलायचं काढलं. तेल बदलायला वीज बंद करावीच लागते, आणि बदलायला एक तास लागतो. साहेबांना तेलातलं काही सांगता येत नव्हतं, पॅन्ट पांढरी होती. त्या तासात टॉकीज निळीवर राहिली, अर्धी बाजारपेठ लालवर गेली, साहेबांचा बंगला पिवळीवर.

संध्याकाळी सातला बळीराम स्वतः उठून फळ्यासमोर उभा राहिला. त्रेपन्न, पंचावन्न, छप्पन्न. तो बराच वेळ पाहत राहिला. मग निळीच्या फ्यूजातली दुहेरी पिळलेली तार काढून त्यानं तिथं एकेरी लावली आणि दुहेरी खिशात घातली. टॉकीजचा पडदा त्या दिवशी एवढा उजळला की लोकांना वाटलं मालकानं नवीन रिळं आणली.

सहा आठवडे भरले त्या सकाळी उकंडा फॉर्म घेऊन साहेबांसमोर उभा राहिला.

"सुया बरोबर झाल्या," साहेब म्हणाले. "पण वहीतली पानं आहेत तशीच आहेत. ती खोड, मग सही."

"बोली सुयाची होती साहेब."

"सही माझी आहे."

उकंड्यानं फॉर्म फिरवला आणि तळाच्या बारीक रकान्यावर बोट ठेवलं. "मंग हे भरा. सही काहून देत नाई, थे कारन."

साहेबांनी रकाना पहिल्यांदाच पाहिला. "लिहितो. उद्धट आहे म्हणून लिहितो."

"लिहा. पन कॉलेज पुसन, काय उद्धटपना केला? तं लिहा लागन, खोडलं नाई. काय खोडलं नाई? पंच्याऐंशी. गावात अंधार केला म्हनून लिहा तं अंधार कायनं झाला थे लिहा लागन, अन थे बी वहीत हाये, माह्या सहीनं. तुमी लिहा साहेब. जे झालं थे पुरं लिहा. म्याई त्याच्याखाली सही करतो."

"बाहेर हो."

"बाहीरच बसतो. कारन लिहून झालं का आवाज द्या."

तो दाराबाहेर स्टूल टाकून बसला. अकरा वाजले, बारा वाजले. साहेबांनी दोनदा चहा मागवला, एकदा नागपूरला फोन जोडायला सांगितला आणि जोडला तेव्हा ठेवून दिला. कामाची माणसं आत जायची तर उकंड्याला ओलांडून. तो प्रत्येकाला सांगे, "कारनासाठी बसलो." दोनपर्यंत साऱ्या बाजाराला ठाऊक झालं की पावरहौसात एक कारण अडलं आहे. पानठेलेवाला, तोच अंधारवाला म्हणणारा, मुद्दाम पाहायला आला आणि खिडकीतून म्हणाला, "साहेब, निंगत नसन तं आमी मदत करू काय?"

तीन वाजता साहेबांनी फॉर्म ओढला, इंग्रजीत दोन ओळी खरडल्या, सही केली, शिक्का मारला आणि दारातून फेकला. उकंड्यानं तो धूळ झटकून वाचला.

बळीराम खांद्यावरून डोकावला. "काय लिहिलं बे?"

"उमेदवार हट्टी आहे. दिसेल तेच लिहितो."

"शिवी हाये काय हे?"

"शिवीच हाये. पन सहीसंगं हाये."

बळीराम त्याला एसटीपर्यंत सोडायला आला. दुसऱ्या दिवसापासून वही पुन्हा बळीरामकडे आली, आणि तो पुन्हा सकाळीच सगळे रकाने भरू लागला, पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न. एवढंच की आता ते बरेचसे खरे होते.

जुलैत कॉलेज उघडलं. विभागाच्या मुख्य सरांनी एकेकाचा फॉर्म पाहिला. साऱ्यांच्या फॉर्मवर 'वर्तन उत्तम, काम समाधानकारक' होतं, जणू एकाच माणसानं लिहिलेलं. उकंड्याचा फॉर्म त्यांनी दोनदा वाचला, चष्मा वर केला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"राठोड, हा शेरा चांगला समजायचा की वाईट?"

"वणीत वाईट होता सर," उकंडा म्हणाला. "इथलं तुमी सांगा."